प्रकाशाला चुंबक लावताना

(चितेगाव येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचा योग मला आला नाही. त्यांनी घडवलेली मुलं मात्र पुढे आमच्या कॉलेजात आली. प्रयोगाचं उत्तर पुस्तकातल्यासारखं आलं नाही की ती मुलं वही मिटून जायची नाहीत, पुन्हा मांडणी लावायची. ही सवय त्यांना कुणी लावली हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणून आजचा विषयही असा निवडला आहे, ज्यात पुस्तक अजून पूर्ण लिहून झालेलं नाही. चुंबकीय द्रव आणि त्याच्या मदतीने प्रकाशावर ठेवता येणारा ताबा.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाकतो. चुंबकाला प्रकाश वळवता येत नाही. टॉर्चच्या झोताशेजारी कितीही जबर चुंबक नेऊन धरा, झोत केसभर हलणार नाही. प्रकाशावर विद्युतभार नाही, त्यामुळे चुंबकाला त्याच्यात धरायला काही सापडतच नाही. मग चुंबकाने चालणारा प्रकाशाचा स्विच, चुंबकाने रंग बदलणारा द्रव, असं जे आपण वाचतो ते काय? तो सगळा मामला मधल्या पदार्थाचा आहे. चुंबक पदार्थावर काम करतो आणि तो पदार्थ प्रकाशावर. कौतुक करायचं तर त्या मधल्याचं करायला हवं, आणि अडचण आली तरी ती त्याच्याकडूनच येते.

चितेगावात हे सांगताना उदाहरण शोधायला लांब जायला नको. पैठण रस्त्यावर चौदाव्या किलोमीटरच्या दगडापाशी व्हिडिओकॉनचा कारखाना. कंपनीच्या कागदपत्रांवर पत्ताच तसा छापलेला असायचा. कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि त्याचे चटके या परिसरात किती घरांना बसले ते मी तुम्हाला सांगायला नको. मला आज त्या जुन्या डब्बा टीव्हीच्या पोटात शिरायचं आहे. तुमच्यातल्या ज्यांनी लाइनवर काम केलं असेल त्यांना पिक्चर ट्यूबच्या मानेवर बसणारा योक आठवत असेल. तांब्याच्या तारेची वेटोळी, त्यांच्याभोवती काळपट फेराइटची कडी. ट्यूबच्या मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनांचा झोत सुटायचा आणि हा योक त्याला आपल्या चुंबकीय क्षेत्राने वळवायचा. आडवा, सेकंदाला १५,६२५ वेळा. उभा, सेकंदाला ५० वेळा. रामायण असो की क्रिकेटची मॅच, चित्र उमटायचं ते या दोन आकड्यांच्या जोरावर.

आणि घरोघरी एक उद्योग झालेला आहे. पोरं स्पीकरमधला चुंबक काढायची आणि चालू टीव्हीच्या काचेला लावायची. नटीचा चेहरा हिरवा, आभाळ जांभळं. चुंबक काढला तरी डाग तिथंच, कारण काचेमागची लोखंडी जाळी चुंबकित झालेली. मग टीव्ही बंद करून थोड्या वेळाने पुन्हा लावायचा. सुरू होताना 'धुम्म' असा आवाज यायचा तो ट्यूबभोवतीच्या कॉइलचा. ती जाळीचं चुंबकत्व उतरवून टाकायची.

पण इथं नीट बघा. योक प्रकाश वळवत नव्हता, इलेक्ट्रॉन वळवत होता. प्रकाश जन्मायचा काचेच्या आतल्या फॉस्फरच्या ठिपक्यांवर, आणि एकदा जन्मला की त्याच्यावर चुंबकाची काही मात्रा चालत नसे. पुढे सपाट टीव्ही आले आणि उलटंच झालं. एलसीडीत प्रकाश मागून सतत येत असतो. दोन ध्रुवकांच्या मध्ये द्रवस्फटिकाचा पातळ थर असतो, त्याला विजेने कमी-जास्त वळवलं की तेवढा प्रकाश पुढे जातो. द्रवाला हाताशी धरून प्रकाश आवरता येतो, हे आज प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलने किंवा भिंतीवरच्या टीव्हीने सिद्ध केलेलं आहे. तिथं वीज आहे. तिच्या जागी चुंबक ठेवला तर?

या प्रश्नाचं पहिलं उत्तर टीव्हीपेक्षा फार जुनं आहे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १३ सप्टेंबर १८४५ रोजी मायकेल फॅरडे यांनी शिसं घातलेल्या जड काचेचा तुकडा विद्युतचुंबकाजवळ ठेवला आणि त्यातून ध्रुवित प्रकाश पाठवला. ध्रुवित म्हणजे ज्याची कंपनं एकाच पातळीत आहेत असा. चुंबक सुरू करताच ती पातळी थोडी फिरली. प्रकाशाचा मार्ग तोच राहिला, फिरली ती कंपनाची पातळी. किती फिरते? एक टेस्लाचं क्षेत्र, म्हणजे आपल्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या वीस हजार पटींहून जास्त, आणि एक सेंटीमीटर पाणी घेतलं, तर साधारण दोन अंश. टर्बियम-गॅलियम-गार्नेट नावाचा स्फटिक तेवढाच घेतला, तर तांबड्या प्रकाशासाठी सुमारे ७७ अंश. चुंबक तोच, लांबी तीच. बदलला फक्त मधला पदार्थ.

या स्फटिकाची गरज आता मराठवाड्यालाही लागणार आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होत आहे. केंद्र सरकारने तिच्या उभारणीला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून लेसर जाणार आणि आरशांवरून परत येणार. परतलेला प्रकाश लेसरच्या उगमात शिरला तर लेसर बिघडतो, म्हणून वाटेत 'फॅरडे आयसोलेटर' बसवतात. जाताना पातळी ४५ अंश फिरते आणि पुढच्या ध्रुवकातून पार होते. येताना ती परत सरळ होईल असं आपल्याला वाटतं, पण होत नाही. त्याच दिशेने आणखी ४५ अंश फिरते, एकूण ९० होतात, आणि पहिला ध्रुवक तिला अडवतो. प्रकाशासाठी एकेरी वाट. चुंबकाशिवाय असा बंदोबस्त करणं फार कठीण.

स्फटिकाचं एकच दुखणं. तो कडक आहे, महाग आहे, आणि एकदा घडवला की घडवला. द्रवाचं तसं नाही.

चुंबकीय द्रवाची कहाणी बहुतेक ठिकाणी अमेरिकेपासून सुरू करतात. १९६३ साली नासाच्या लुईस संशोधन केंद्रात स्टीव्हन पॅपेल यांच्यापुढे प्रश्न होता की वजनरहित अवस्थेत रॉकेटचं द्रव इंधन टाकीच्या तोंडाशी आणायचं कसं. त्यांनी मॅग्नेटाइट दळून दळून इतकं बारीक केलं की ते केरोसीनमध्ये मिसळून राहिलं, सोबत ओलेइक आम्ल. मग चुंबकाने ओढलं की इंधनच सरकतं. रॉकेटमध्ये ते कधी वापरलं गेलं नाही, पण द्रव राहिला, आणि रोनाल्ड रोझेनस्वाइग यांनी त्याचं शास्त्र आणि धंदा दोन्ही उभे केले. स्पीकरच्या कॉइलभोवती थंडाव्यासाठी, फिरत्या दांड्यांना हवाबंद ठेवण्यासाठी हा द्रव आजही वापरात आहे. पण प्रकाशापुरतं बोलायचं तर सुरुवात त्याआधीची. इटलीचे क्विरिनो मायोराना यांना १९०२ मध्येच लोखंडाच्या कलिल द्रावणात चुंबक लावल्यावर प्रकाशाची चाल बदललेली दिसली होती. दोन कंपन-पातळ्यांसाठी द्रावण वेगवेगळं वागत होतं.

आता हा द्रव असतो कसा ते जवळून सांगतो, कारण इथंच खरी मजा आहे. फेरिक क्लोराइड आणि फेरस क्लोराइड, लोहाच्या अणूंच्या हिशोबाने दोनास एक, पाण्यात विरघळवायचं. तापवून त्यात अमोनिया घालायचा. क्षणात सगळं भांडं काळं होतं. हा मॅग्नेटाइटचा साका. फेरस क्लोराइड बाटलीत जुनं झालेलं असेल, हवा लागून खराब झालेलं असेल, तर साका काळा येण्याऐवजी तपकिरी येतो आणि चुंबकाला हवा तसा ओढला जात नाही. रसायनाच्या बाटलीवरची तारीख आधी बघायची, हे आमच्याकडे प्रत्येक तुकडी अशीच शिकते. मग ओलेइक आम्ल. त्याच्या रेणूचं एक टोक कणाला चिकटतं, दुसरं लांब शेपूट तेलात राहतं. कणाभोवती अशी झालर तयार झाली की दोन कण एकमेकांना भिडू शकत नाहीत. कण सुमारे १० नॅनोमीटरचा. माणसाच्या केसाच्या जाडीत असे सात-आठ हजार कण ओळीने मावतील. एवढ्या लहान कणाला उष्णतेची धडपड सतत हलवत ठेवते, म्हणून तो तळाशी बसत नाही. झालर बारीक असेल किंवा कुठं उसवली असेल तर मात्र कण गोळा होतात आणि सकाळपर्यंत बाटलीच्या तळाला गाळ. वरचं केरोसीन स्वच्छ. अशी बाटली बघून रडकुंडीला आलेले एम.एस्सी.चे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत.

चांगला जमलेला द्रव दिसायला जळक्या इंजिन ऑइलसारखा. काळाकुट्ट. प्रकाशाच्या कामाचा हा द्रव कसा, असंच वाटतं. युक्ती अशी की थेंब दोन काचपट्ट्यांच्या मध्ये दाबून थर इतका पातळ करायचा की तो तांबूस-तपकिरी आणि पारदर्शक दिसेल. थर एखाद्या केसाच्या जाडीहूनही कमी लागतो. आता काचपट्टी उभी करा, मागून तांबडा लेसर सोडा आणि पुढे पांढरा कागद धरा. कागदावर गोल ठिपका. बाजूने चुंबक जवळ आणा. ठिपका लांबट होऊ लागतो, मग त्याची रेघ होते. रेघ चुंबकाच्या दिशेने नसते, बरोबर काटकोनात असते. चुंबक फिरवला की रेघ फिरते. काढला की पुन्हा ठिपका. डोळ्यांनी न दिसणारे कण चुंबकाच्या दिशेने साखळ्यांत उभे राहिले आहेत आणि प्रकाश त्या साखळ्यांवरून विखुरतो, म्हणून रेघ त्यांना आडवी. आता मागे-पुढे दोन ध्रुवक एकमेकांना काटकोनात लावा. अंधार. थेंब मध्येच आहे. चुंबक तिरका, ४५ अंशांत आणा. अंधारातून उजेड येतो. मायोरानांना जे दिसलं ते हेच. लेसर डोळ्यांत जाणार नाही एवढी काळजी घेऊन हा प्रयोग कुठल्याही पदवी कॉलेजात करता येतो, आणि मी तो ज्यांना दाखवला त्यांतल्या बहुतेकांनी चुंबक माझ्या हातातून काढून घेतला.

भारतात या विषयावर फार चांगलं काम झालेलं आहे आणि त्याची आपल्याकडे चर्चा कमी होते, म्हणून दोन ठिकाणांची नावं घेतो. एक भावनगर. तिथल्या विद्यापीठात आर. व्ही. मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकीय द्रवात जरा मोठे, मायक्रोमीटरच्या मापाचे चुंबकीय गोळे मिसळले. चुंबकीय क्षेत्र वाढवत नेलं तर एका ठरावीक मूल्याला पुढे जाणारा लेसरचा प्रकाश जवळजवळ नाहीसा होतो, आणि क्षेत्र आणखी वाढवलं की पुन्हा येतो. २००६ साली हा निकाल 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये छापून आला. असं घडू शकतं हे मिल्टन कर्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये कागदावर मांडलं होतं. प्रयोगात ते भावनगरला दिसलं. कुठल्याही महागड्या यंत्रावाचून, द्रव, लेसर आणि कॉइल एवढ्यावर.

दुसरं ठिकाण तमिळनाडूतलं कल्पाक्कम, इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र. जॉन फिलिप यांच्या गटाने चुंबकीय तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात घोळले. या पाण्याला चुंबक लावला की थेंब साखळीत उभे राहतात आणि दोन थेंबांमधलं अंतर सगळीकडे सारखं असतं. ते अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मापाचं असल्याने एक ठरावीक रंगच परत उलटतो. क्षेत्र वाढवलं की थेंब जवळ येतात आणि रंग तांबड्याकडून हिरव्याकडे, निळ्याकडे सरकतो. आपल्या पैठणीत धूपछाव दिसते ती ताण्याचा धागा एका रंगाचा आणि बाण्याचा दुसऱ्या रंगाचा असतो म्हणून. इथं रंग घातलेलाच नाही, आहे ते फक्त अंतर. २०१२ मध्ये व्ही. महेंद्रन आणि फिलिप यांनी याच द्रवाची पातळ चकती चुंबकित पोलादाच्या पट्टीवर ठेवली. पट्टीत आत जिथं खाच होती, तिथून चुंबकीय क्षेत्र बाहेर झिरपत होतं आणि नेमका तेवढ्याच भागावर रंग बदलला. पोलादाचा दोष डोळ्यांना दिसला.

वाळूजमध्ये वाहनांचे सुटे भाग करणाऱ्यांना यात काय आहे ते लगेच कळेल. आज तुम्ही मॅग्नाफ्लक्स करता. भाग चुंबकित करायचा, चमकणारी लोहपूड मिसळलेला द्रव वरून ओतायचा, अंधाऱ्या खोपटात अतिनील दिवा लावायचा, आणि तडा कुठं चमकतो ते बघत उभं राहायचं. मग भाग पुसा, चुंबकत्व उतरवा. तरुण डोळ्यांनाही ते आठ तास करवत नाही. रंग बदलणारी बंद चकती भागावर फिरवायची आणि उजेडातच तडा ओळखायचा, हे जमलं तर काम सोपं होईल. जमेलच असं मी म्हणत नाही. वक्र पृष्ठभागावर चकती नीट टेकत नाही, आणि बारीक तड्याचं क्षेत्र कमजोर असतं.

प्रकाशतंतूची बाजूही इथलीच आहे. वाळूजला प्रकाशतंतू ओढला जातो आणि शेंद्र्याला त्याची काच तयार होते. देशातल्या इंटरनेटचा मोठा भार अशाच केसासारख्या तंतूंवर आहे. तंतूत प्रकाश गाभ्यातून जातो, पण त्याची किंचित झाक बाहेरच्या आवरणात असते. एका जागी आवरण रसायनाने झिजवलं किंवा तंतू तापवून, ताणून बारीक केला आणि भोवती चुंबकीय द्रव भरला, तर ती झाक द्रवाला शिवते. चुंबकीय क्षेत्र बदललं की द्रवाचा अपवर्तनांक थोडा बदलतो आणि तंतूच्या दुसऱ्या टोकाला प्रकाश कमी-जास्त होतो. झाला चुंबकीय क्षेत्र मोजणारा संवेदक. आत धातूची तार नाही, त्यामुळे उच्चदाबाच्या वीजवाहिनीशेजारीही तो बेधडक ठेवता येतो, शॉर्ट व्हायची भीती नाही. वाहिनीतला विद्युतप्रवाह मोजण्यासाठी फॅरडेच्या तत्त्वावरचे प्रकाशतंतू-संवेदक बाजारात आहेतच. द्रववाले अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आहेत.

ते अजून तिथंच का आहेत, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पहिलं म्हणजे मॅग्नेटाइट प्रकाश खातो. थर पातळ ठेवला तर परिणाम कमी, जाड केला तर प्रकाशच उरत नाही. दुसरं, साखळ्या जमायला वेळ लागतो. कधी मिलिसेकंद, कधी चक्क काही सेकंद. दूरसंचारात सेकंदाला अब्जावधी वेळा प्रकाश चालू-बंद करतात आणि ते काम लिथियम नायोबेटसारखे स्फटिक विजेवर करतात. चुंबकीय द्रवाचा स्विच इंटरनेट बदलून टाकेल असं कुणी सांगितलं तर खुशाल हसा. तिसरं, तापमान. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर गेला की द्रवाचा अपवर्तनांक नुसत्या उष्णतेनेच हलतो, आणि संवेदक चुंबक मोजतोय की मे महिना, ते कळत नाही.

जिथं घाई नाही तिथं मात्र हा द्रव राजा. कॅनडातल्या लावाल विद्यापीठात एर्मानो बोरा यांच्या गटाने चुंबकीय द्रवावर चांदीच्या कणांची चकचकीत साय पसरून आरसा केला आणि खाली लहान लहान कॉइल लावून त्याला हवा तिथं उचलला, हवा तिथं दाबला. दुर्बिणीतला प्रकाश हवेने बिघडवलेला असतो, तो असा आरसा दुरुस्त करू शकतो. हेच बोरा द्रव-आरशांच्या दुर्बिणींचे अध्वर्यू. आपल्या देशात उत्तराखंडात देवस्थळला पाऱ्याचा ४ मीटरचा फिरता आरसा असलेली दुर्बीण २०२३ पासून काम करते. तिचा आरसा फिरून फिरून आपोआप खोलगट होतो, पण तिला फक्त डोक्यावरचंच आकाश दिसतं, कारण पारा कलवता येत नाही.

माझं मत स्पष्ट सांगतो. मराठवाड्यात या विषयात हात घालायचा तर संवेदकांत आणि तपासणीत घालावा. आपल्याकडे फेराइटवर काम करणारे अभ्यासक आहेत, प्रकाशतंतू आहे, आणि तडा ओळखण्याची रोजची गरज असलेले शेकडो कारखाने आहेत. तिघांची गाठ मात्र पडत नाही. कॉलेजात मुलं चांगला द्रव करतात, त्याचे आलेख काढतात, प्रबंध बांधतात आणि बाटली कपाटात जाते. तिच्यासमोर खरा तडा कधी येतच नाही. आमच्याकडचा तडा आम्हीच पट्टीवर करवतीने पाडलेला. तो सरळ असतो, रुंद असतो, आज्ञाधारक असतो. भट्टीतून निघालेल्या क्रँकशाफ्टचा तडा तसा नसतो.

म्हणून वाळूज, चिकलठाणा, पैठण एमआयडीसीतून आज आलेल्या कारखानदारांना आणि क्वालिटी विभागातल्या मंडळींना माझी विनंती आहे. मॅग्नाफ्लक्समध्ये नापास झालेले भाग सगळेच भंगारात घालू नका. त्यातले थोडे बाजूला काढा, तडा कुठं आहे त्याची नोंद वेगळ्या कागदावर करून तो लिफाफ्यात बंद करा, आणि भाग तेवढे कॉलेजला द्या. मुलांनी तडा शोधावा, मग लिफाफा उघडावा. सापडला नाही तर ते आधी आम्हीच कबूल करू. ज्यांना असे भाग देता येतील त्यांनी कार्यक्रम संपल्यावर मला भेटावं, नाव आणि फोन नंबर लिहून घ्यायला मी वही आणली आहे.